रंगावर जाऊ नये: रायगडच्या किनाऱ्यावरचे साप

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत कुठल्याही वाडीत जनावर निघाले की पहिला प्रश्न ठरलेला: विषारी की बिनविषारी? जमलेल्या दहा जणांकडे दहा नियम असतात. डोके तिकोनी असेल तर विषारी. डोळ्याची बाहुली उभी असेल तर विषारी. चावल्यावर दोनच दात उमटले तर विषारी, ओळीने उमटले तर घाबरायचे कारण नाही. अंगावर पट्टे असतील तर मण्यार, काळा असेल तर नाग, ठिपके असतील तर घोणस. हे नियम ऐकायला पक्के वाटतात, म्हणून शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यांतही जाऊन बसले आहेत. त्यांतला एकही नियम या किनाऱ्यावर पुरता टिकत नाही.

नाग आणि मण्यार, म्हणजे जीव घेणाऱ्या चार प्रमुख सापांपैकी दोन, यांची डोकी तिकोनी नसतात आणि बाहुल्याही गोल असतात. उलट अजगराची बाहुली उभी, मांजऱ्याचीही उभी. अजगराला विष नाही आणि मांजऱ्याचे विष माणसाला त्रास देण्याइतके नाही. मण्यारीचे दात इतके बारीक की पुष्कळदा दंशाची जागाच सापडत नाही. मग दात मोजायचे कुठे? रंगाचे तर विचारूच नये. धामण कधी पिवळसर, कधी हिरवट तपकिरी, कधी काळसर असते, आणि काळसर धामणीला नाग समजून मारल्याच्या कहाण्या गावोगाव आहेत. नागाच्या फण्यावर मागच्या बाजूला दहाचा आकडा असतोच असेही नाही. काही नागांत तो फिकट असतो, काहींत मुळीच नसतो.

ओळखायचे कशावरून, याचे माझ्या मते त्यातल्या त्यात बरे उत्तर सापाच्या दिनक्रमात आहे. तो कुठे दिसला, किती वाजता, काय करत होता आणि डिवचल्यावर त्याने काय केले, हे रंगापेक्षा जास्त सांगून जाते. सापाचे शरीर त्याच्या पोटापाण्याच्या धंद्याला जुळून घडलेले असते. धंदा कळला की शरीराचा अर्थ लागतो.

मण्यारीपासून सुरुवात करू, कारण तिच्या बाबतीत वेळ हीच सगळ्यात मोठी खूण आहे. ती रात्रीची. दिवसा उंदराच्या बिळात, विटांच्या ढिगात किंवा जोत्याच्या फटीत पडून असते आणि कुणी उकरून काढलीच तर वेटोळ्यात डोके खुपसून गप्प राहते. ज्यांनी तिला अशी दिवसा पाहिली ते तिला गरीब म्हणतात. रात्री हाच साप चपळ होतो. तिचे खाणे म्हणजे इतर साप, प्रसंगी आपल्याच जातीचे, शिवाय उंदीर, पाली, सरडे. शिकारीच्या मागे ती घरात शिरते आणि जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाच्या अंगाखाली किंवा कुशीला येते. झोपेत हात पडला, कूस बदलली, की चावते. दंश दुखत नाही, सूज येत नाही. माणूस बहुधा जागाही होत नाही. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते, घरचे पित्त म्हणून सोडा पाजतात. मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, शब्द फुटत नाहीत. तोवर विषाने नसांची टोके बिघडवलेली असतात. ही इजा प्रतिविषाने लगेच उलटत नाही, म्हणून अशा रुग्णाला कित्येकदा दिवसचे दिवस श्वासाच्या यंत्रावर ठेवावे लागते. पावसाळ्यात कोकणातल्या पडवीत सकाळी कुणाच्या पापण्या उघडत नसतील तर साप दिसला नसला तरी मण्यार मनात यायला हवी. खाटेवर झोपणे आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचणे हा उपाय साधा आहे. नेपाळच्या तराईत मच्छरदाणी वापरणाऱ्यांना सर्पदंश कमी होतात असे अभ्यासात दिसलेही आहे.

मण्यारीचा सोंगाड्या म्हणजे कवड्या. तपकिरी अंगावर पांढरे-पिवळसर आडवे पट्टे, लांबी हात-दीड हात, आणि राहणेही माणसाच्या घरातच. फरक असा की कवड्याचे पट्टे मानेजवळ रुंद आणि ठळक असतात, शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे उलटे: डोक्यामागचा भाग बराचसा कोरा, मग जोडीजोडीने बारीक पांढरे पट्टे, शेपटीकडे जास्त स्पष्ट. मण्यारीच्या पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची एक रांग असते, पण ती पाहायला जवळ जावे लागते आणि जवळ जाण्यातच सगळा घोटाळा आहे. सवय इथे बरी साक्ष देते. कवड्या पालीखाऊ. तो खडबडीत भिंतीवरून सरळ वर चढतो, खिडकीच्या चौकटीत, कौलांखाली सापडतो. तरीही चावा झाला असेल तर हा सारा विचार बाजूला ठेवावा आणि मण्यार चावली असे धरूनच दवाखाना गाठावा. कवड्या समजून घरी बसलेल्या माणसाला दुसरी संधी मिळत नाही.

फुरसे हा मुळात कातळाचा साप. दक्षिणेला रत्नागिरीच्या सड्यांवर त्याचे राज्य आहे. इंग्रजांच्या काळात तिथे फुरसे मारून आणणाऱ्याला सरकारी बक्षीस मिळे, म्हणजे उपद्रव कचेरीच्या नोंदीला चढण्याइतका होता. रायगडात जांभ्याचे सडे, चिरेखाणी, रचीव दगडांचे गडगे जिथे जिथे आहेत तिथे ते असतेच. कोकणातले फुरसे फार तर वीत-दीड वीत. राजस्थानातले याच कुळातले भाऊबंद याच्या दुप्पट वाढतात. आकारामुळे लोक याला क्षुल्लक समजतात आणि तिथेच फसतात. फुरशाच्या अंगावरचे खवले कणेदार, मधे उंच धार असलेले. चिडले की ते इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वेटोळे घालून एक बाजू दुसऱ्या बाजूवर घासते आणि त्यातून करकर आवाज निघतो. फुत्कारात फुप्फुसातली हवा आणि तिच्याबरोबर ओलावा खर्च होतो, त्यामुळे कोरड्या मुलखात ही घासण्याची युक्ती सोयीची ठरते असे एक स्पष्टीकरण देतात. मला ते पटते. फुरसे पळून जाण्यापेक्षा जागीच बसते आणि बसल्या जागेवरून क्षणात झेप घेते. म्हणून गडग्याचा दगड उचलताना, काजूखालचा पाला गोळा करताना, गवत कापताना बोटाला चावते. विषाने रक्ताची गोठण्याची शक्ती जाते. हिरड्यांतून, जुन्या जखमेतून, लघवीतून रक्त येत राहते, आणि उपचार झाले नाहीत तर ही गत कित्येक दिवस टिकते. रुग्ण चालत-बोलत असतो, त्यामुळे घरचे निर्धास्त होतात.

घोणशीचा पत्ता वेगळा: भातखाचर आणि त्याचा बांध. जाड अंग, शेपूट आखूड, पाठीवर साखळीसारख्या तीन रांगांत गडद लंबगोल, आणि डोके मानेपासून स्पष्ट वेगळे. इथे ते तिकोनी डोके खरोखर आहे. उंदीर हे तिचे मुख्य खाणे, आणि उंदीर भातामागे येतात. कापणीच्या दिवसांत पेंढ्या उचलताना, रात्री बांधावरून अनवाणी जाताना तिच्याशी गाठ पडते. घोणस अंडी घालत नाही, पिल्ले देते, एका वेळी वीस-तीस सहज, कधी त्याहून पुष्कळ जास्त. ही पिल्ले साधारण पावसाच्या आगेमागे बाहेर पडतात आणि जन्मतःच विषारी असतात. डिवचली की घोणस लांब, जोरकस फुत्कार टाकते. भारतात इतका मोठा फुत्कार दुसऱ्या सापाचा क्वचितच. चावली की लगेच जळजळीत वेदना, भराभर चढणारी सूज, पुढे रक्तस्राव आणि मूत्रपिंडावर आघात. आपल्याकडे जे लोक सर्पदंशातून वाचून नंतर डायलिसिसच्या यंत्रापर्यंत जातात त्यांत घोणशीचा वाटा मोठा.

घोणशीच्या नावावर दोन निरपराध साप मरतात. एक डुरक्या घोणस: नावात घोणस असली तरी मांडुळाच्या कुळातली, विष नाही, अंग खरखरीत, डाग आडवेतिडवे आणि एकमेकांत मिसळलेले, शेपूट एकदम आखूड. दुसरे अजगराचे पिल्लू. उरण-पनवेल पट्ट्यात खाडीकाठच्या कांदळवनात, भरावाच्या जमिनीवर आणि गोदामांच्या आसपास अजगर अजून निघतात. अजगराच्या डोक्यावर भाल्याच्या टोकाच्या आकाराची खूण असते आणि ओठांवर उष्णता ओळखणारे खळगे. त्यांच्यामुळे अंधारात गरम रक्ताचा प्राणी त्याला जाणवतो. मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून बसते आणि स्नायू थरथरवून त्यांना ऊब देते. थंड रक्ताचे म्हणून हिणवल्या जाणाऱ्या वर्गात ही गोष्ट विरळा.

नागावर जास्त लिहायची गरज नाही, कारण तो स्वतःच आपली ओळख करून देतो. मानेजवळच्या लांब बरगड्या पसरून फणा काढणे ही धमकी आहे. त्याला झटापट टाळायची असते. पुंगीवर तो डोलत नाही. कानाचे भोक नसले तरी जमिनीतली कंपने आणि काही खालच्या पट्टीचे आवाज सापांना जाणवतात, पण गारुड्यासमोर नागाचे डोळे हलत्या पुंगीवर असतात. दूध हे त्याचे अन्न नाही. तहानलेला ठेवलेला साप पुढे येईल ते द्रव पितो, मग ते दूध असले तरी. डूख धरणे, नागमणी, धामणीचे गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिणे, यांवर इतकी पाने छापून झाली आहेत की इथे पुन्हा नको. एक मात्र सांगण्यासारखे: नाग-धामणीचा प्रणय म्हणून जो उभ्या विळख्याचा खेळ गावकरी दुरून पाहतात तो बहुधा दोन नर धामणींची कुस्ती असते. कोण कोणाचे डोके खाली दाबतो यावर निकाल लागतो. चावाचावी होत नाही.

झाडावरच्या सापांची ओळख त्यामानाने सोपी. हरणटोळ पानांच्या रंगाचा, वेलीइतका बारीक, तोंड निमुळते, बाहुली आडवी. ही आडवी बाहुली आणि नाकावरची खाच यांमुळे त्याला दोन्ही डोळ्यांनी एकाच वेळी समोरचे पाहता येते, म्हणजे अंतराचा अंदाज अचूक. सरडा टिपायला हे लागतेच. तो माणसाचे टाळके फोडतो ही समजूत खोटी आहे. ज्याला आपण वर्षानुवर्षे एकच जात समजत होतो तो हरणटोळ 2020 साली शास्त्रज्ञांनी अनेक जातींत विभागला आणि उत्तर सह्याद्रीतल्या जातीला वेगळे नाव मिळाले. फणसाडच्या जंगलात, जिथे पाणवठ्यांना गाण म्हणतात, तिथे पावसाळ्यात चापडाही भेटतो: हिरवा, जाड डोक्याचा, बांबूच्या बेटात तासन् तास एकाच जागी बसणारा, आणि विषारी. दोन्ही हिरवे. पण एक बारीक आणि सडपातळ, दुसरा आखूड आणि ठेंगणा, एक दिवसाचा आणि दुसरा रात्रीचा. रंग इथेही कामाला येत नाही.

जमिनीखालच्यांना कुणी मोजतच नाही. न्हाणीघराच्या मोरीत गांडुळासारखा वळवळणारा वाळा हा खरोखर साप आहे, वाळवी आणि मुंग्यांची अंडी खाणारा. या जातीत नर नाहीत. सगळ्या माद्या, आणि नराविना अंडी घालतात. एकच मादी कुंडीतल्या मातीबरोबर बोटीवर चढली तरी नव्या देशात वसाहत होते. म्हणूनच हा साप जगभर पसरला. त्याच्याउलट खापरखवल्या भारतीय द्वीपकल्प आणि श्रीलंका सोडून कुठे जात नाही. यातली एक जात मुंबईच्या निसर्ग इतिहास मंडळाचे मानद सचिव हर्बर्ट फिप्सन यांच्या नावाने 1888 साली नोंदली गेली. शेपटीचे टोक तिरके कापल्यासारखे खरखरीत, त्यावर माती चिकटून राहते आणि बिळाचे तोंड बंद होते. खाणे गांडुळे. पावसात रस्त्यावर येतो आणि मोटारीखाली जातो.

किनाऱ्याच्या सापांबद्दल लिहिणारे सहसा बांधावरच थांबतात. खारबांधाच्या पलीकडे, तिवरांच्या मुळांत आणि त्याही पुढे समुद्रात जे राहतात ते मासेमारी करणाऱ्या कोळ्यांनाच माहीत. भरतीच्या पाण्यात निवट्यांच्या मागे फिरणारा, डोळे डोक्याच्या वरच्या बाजूला असलेला एक करडा साप पाणथळ चिखलावरून आडवा-आडवा फेकल्यासारखा सरकतो. मऊ चिखलात सरळ ढकलायला आधार मिळत नाही, म्हणून ही चाल. त्याचा शेजारी त्याहून विलक्षण. साप घास चावत नाहीत, अख्खा गिळतात, हे आपण शाळेत शिकलो. कांदळवनातला हा छोटा साप नुकती कात टाकलेली, अंग मऊ असलेली चिंबोरी पकडतो, वेटोळ्यात धरून ओढून तिचे तुकडे करतो आणि मग खातो. तोंडाच्या मापापेक्षा मोठे भक्ष्य खाण्याची ही तऱ्हा सिंगापूरच्या खाड्यांतल्या सापांवर तपासून 2002 मध्ये जगासमोर आली. आपल्या खाड्यांत हीच जात आहे. तिसरा ढिल्या, सुरकुतल्या कातडीचा, बारीक कणांच्या खवल्यांचा. ती खरखरीत कातडी निसटत्या माशाला पकडून ठेवते. हे तिन्ही माणसाला जिवावर बेतणारे नाहीत.

खऱ्या समुद्री सापाची मात्र एक खूण अशी आहे की ती फसवत नाही: शेपूट वल्ह्यासारखे चपटे. असे पूर्ण चपटे शेपूट असलेला आपल्या समुद्रातला प्रत्येक साप विषारी धरावा. वाम या माशाशी त्याची गल्लत होते, पण वामीला खवले दिसत नाहीत, कल्ल्याचे छिद्र आणि पाठीवर लांब पर असतो. सापाला पर नाही. सबंध लेखात रंग-आकाराच्या खुणांना मी नावे ठेवली, पण ही खूण आकाराची असूनही खरी ठरते, कारण ती थेट पोहण्याच्या धंद्यातून आली आहे. नाकपुड्यांना झडपा, जिभेखाली जादा मीठ बाहेर टाकणारी ग्रंथी, जवळजवळ शेपटीपर्यंत गेलेले फुप्फुस, आणि पोटावरचे रुंद खवले इतके आकसलेले की वाळूवर टाकला तर धड सरकताही येत नाही. आपल्या समुद्री सापांना अंडी घालायला किनाऱ्यावर यावे लागत नाही. पिल्ले पाण्यातच होतात. मीठ बाहेर टाकता येत असले तरी तहान भागवायला गोडे पाणी लागते. पिवळ्या पोटाच्या, भर समुद्रात राहणाऱ्या जातीवरच्या अभ्यासात दिसले की मोठा पाऊस पडून गेला की लाटांवर तरंगणारा गोड्या पाण्याचा पातळ थर हे साप पितात. पावसाळ्याच्या वादळी दिवसांत याच जातीचे थकलेले साप किनाऱ्याला लागतात. पोरे त्यांना काठीने डिवचतात, ते थांबवायला हवे.

चोचीसारखा वरचा ओठ खाली वळलेला समुद्री साप खाड्यांच्या तोंडाशी राहतो, शिंगाळा आणि केंड खातो. शिंगाळ्याच्या काट्यांना आणि केंडाच्या विषाला जो भीत नाही त्याच्या जबड्याची आणि विषाची ताकद वेगळी सांगायला नको. जगभरात मच्छीमारांना होणाऱ्या दंशांत या जातीचा वाटा मोठा आहे. जाळे ओढून डेकवर रिकामे केले, खलाशी हाताने मासळी निवडायला बसला, की दंश होतो. फारसे दुखत नाही. तासाभरात अंग आखडते, जबडा उघडत नाही, लघवी काळपट होते, कारण विष स्नायू विरघळवते आणि त्याचा गाळ मूत्रपिंडात अडकतो. बहुसंख्य तांडेल साप शेपटीने उचलून पाण्यात टाकून देतात. त्यांच्या मते जाळ्यात आलेला साप निवळलेला असतो. बहुतेक वेळा असतोही.

आता दवाखान्याकडे. भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी 58 हजार माणसे गेली असा अंदाज 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतले, आणि केंद्र सरकारने 2024 मध्ये 2030 पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचा कृती आराखडा काढला. रायगड या बाबतीत नशीबवान म्हणायचा. 1976 साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशावरच्या प्राझोसिनच्या उपचारासाठी जगभर ओळखले गेले, 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह त्यांनी सर्पदंशाच्या रुग्णांवरही लिहिले. ग्रामीण डॉक्टरला साप पाहायची गरज नसते. स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त वीस मिनिटे न हलवता ठेवायचे. गोठले नाही तर घोणस किंवा फुरसे. पापण्या पडत असतील तर नाग किंवा मण्यार. म्हणजे पान लागल्यावर घरच्यांनी साप शोधण्यात, मारण्यात, पिशवीत घालून आणण्यात जो वेळ घालवला तो वाया. घट्ट आवळपट्टी, ब्लेडने चिरणे, तोंडाने चोखणे, मांत्रिक, हे सगळे त्याच हिशेबात. अवयव हलू न देता नेणे एवढेच करायचे.

प्रतिविष देशभर एकच मिळते, आणि ते नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांच्या विषावर घोड्यांच्या रक्तातून तयार होते. ते विष मुख्यतः तामिळनाडूतल्या इरुळा आदिवासींच्या 1978 मध्ये स्थापन झालेल्या सहकारी संस्थेकडून येते. तिथले साप तिथल्या मातीतले. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या कार्तिक सुनागर यांच्या प्रयोगशाळेने वारंवार दाखवले आहे. कोकणातल्या दीड वितीच्या फुरशावर हे औषध किती मात्रेत लागू पडते, हे पाहायचे तर विष कोकणात गोळा व्हायला हवे. चापड्याच्या विषावर या औषधाचा भरवसा नाही. समुद्री सापांच्या विषावर तर ते बनलेलेच नाही. ऑस्ट्रेलियात समुद्री सापांसाठी वेगळे प्रतिविष बनते, आणि त्यासाठी वापरतात ते विष त्याच चोचीच्या जातीचे, जी रायगडच्या खाड्यांच्या तोंडाशी शिंगाळे खात फिरते. ते औषध इथल्या रुग्णालयांच्या साठ्यात नसते. जाळ्यात हात घातल्यावर चावा बसलेल्या खलाशाला श्वासाचे यंत्र, शिरेतून पाणी आणि वेळेवर डायलिसिस यांवरच तरून न्यावे लागते.